गोळीला वळण लावण्याचे उद्योग

२००८ साली आलेल्या ‘वाँटेड’ या हॉलिवूडपटाचा नायक वेस्ली हा मुळात ऑफिसात आकडे जुळवणारा, साहेबिणीची बोलणी खाणारा, घाबरट प्राणी. एक दिवस मारेकऱ्यांची एक गुप्त संघटना त्याला उचलते, यथेच्छ बदडते आणि मग धंद्याचं रीतसर शिक्षण देते. या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड पेपर म्हणजे बंदुकीची गोळी वळवणं. अँजेलिना जोली निशाणाच्या बरोबर समोर उभी राहते. नायकाने तिला धक्का न लावता, वळसा घालून, मागचं निशाण टिपायचं. नायक हात झोकात फिरवतो, मनगटाला झटका देतो, चाप ओढतो. गोळी बाईंना अदबीने बगल देते आणि मागच्या निशाणावर जाऊन बसते.

शेवटाकडे तर कमाल होते. गोलाकार दालनात कडेकडेने उभ्या असलेल्या झाडून साऱ्या मारेकऱ्यांच्या डोक्यांतून एकच गोळी प्रदक्षिणा घालते आणि फेरी पुरी करून, जिने ती झाडली तिच्याच डोक्यात शिरते.

मराठी प्रेक्षकाला हे पचायला फारसं जड गेलं नाही. जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेत त्याने याहून अवघड प्रकार पाहिलेले होते. तिथे बाण एकमेकांना शोधत यायचे, आकाशात समोरासमोर थबकायचे, त्यातल्या एकाचे दहा व्हायचे आणि हरलेला बाण निमूटपणे विझून जायचा. पण त्या बाणांमागे मंत्र असायचा, तपश्चर्या असायची. ‘वाँटेड’मध्ये नुसतं मनगट आहे. त्यामुळे सिनेमा संपल्यावर बाहेर पडताना एकदा तरी हवेत हात झटकून पाहिला नाही असा तरुण प्रेक्षक विरळाच.

अशा शंकांवर ज्या कार्यक्रमाचं पोट चालायचं त्या अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ने हाही विषय घेतला. आधी माणसांनी हात झटकून गोळ्या झाडल्या. माणसाचा हात कमी पडतो म्हणावं, तर मग बंदूक त्याहून वेगाने फिरवणारं यंत्र बांधलं. गोळीचा मार्ग कळावा म्हणून वाटेत कागद लावले. कागदांना पडलेली भोकं एका रेषेत आली. निकाल जाहीर झाला : थाप.

ही थाप का, हे कळायला न्यूटनपर्यंत जावं लागतं, पण ज्याने जोंधळ्याच्या मळ्यात माचाणावर उभं राहून पाखरं राखली आहेत त्याला न्यूटनचीही गरज नाही. गोफण डोक्याभोवती कितीही गरगरा फिरवली, तरी दोरीचं एक टोक सुटलं की दगड सरळ वाट धरतो. आपण आत्ता गोल फिरत होतो, याची त्याला आठवण राहत नाही. गोळीचंही तसंच. नळीच्या तोंडातून बाहेर पडली की मागे मनगटाने काय नखरे केले याच्याशी तिचा संबंध संपला.

थोडा हिशेब मांडून बघायला हरकत नाही. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी सुमारे आठ ग्रॅमची, आणि ती सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते. पिस्तुलाची नळी इनमीन चार-पाच इंचांची. ती ओलांडायला गोळीला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. नायकाचा हात सेकंदाला दहा मीटर वेगाने फिरतोय असं उदार मनाने धरलं, तरी तेवढ्या वेळात तो पाच-सहा मिलिमीटर सरकतो. म्हणजे ज्या झटक्यावर सगळी मदार, तो झटका गोळीच्या दृष्टीने अजून सुरूच झालेला नसतो.

मग झटक्याने काहीच होत नाही का? होतं. हाताचा आडवा वेग गोळीला मिळतो, आणि ती ठरल्या दिशेपासून दीडएक अंशाने तिरकी जाते. दहा मीटरवर नेम वीतभराहून थोडा जास्त चुकतो. पण जाते तीही सरळ रेषेतच. अँजेलिना जोलीला वळसा पडत नाही. बाजूच्या भिंतीचा गिलावा मात्र उडतो.

आता उलटा हिशेब. दहा मीटर अंतरात, मध्यभागी मीटरभर फुगणारा वळसा या गोळीकडून घालून घ्यायचा असेल, तर त्या आठ ग्रॅमच्या जिवाला सबंध वाटेत पावणेआठ किलो वजनाएवढ्या जोराने कुणीतरी आडवं ओढत राहायला हवं. शेवटच्या प्रसंगातलं दालन दहा मीटर व्यासाचं धरलं, तर प्रदक्षिणेसाठी ही ओढ वीस किलोंवर जाते. शिवाय वाटेतल्या कवट्यांचं भाडं वेगळं. एवढी ओढ लावायची कुणी? गोळीच्या आसपास असते ती फक्त हवा, आणि हवेला गोळी अडवण्यात जेवढा रस आहे तेवढा ती वळवण्यात नाही.

चुंबकाचा उपायही पडद्यावर करून झाला आहे. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये जेम्स बाँडच्या मनगटी घड्याळात असं चुंबक होतं की ते म्हणे लांबून येणाऱ्या गोळीचाही मार्ग बदलू शकेल. प्रत्यक्षात बाँडने त्याचा सगळ्यात संस्मरणीय उपयोग केला तो एका बाईच्या झग्याची चेन मागून उघडण्यासाठी. ते बरंच झालं. कारण बहुतेक गोळ्या आतून शिशाच्या आणि वरून तांब्याच्या पत्र्याच्या असतात, आणि शिसं किंवा तांबं चुंबकाला भीक घालत नाही.

इथवर वाचून गोळी फार सरळमार्गी असते असा कुणाचा समज झाला असेल, तर तो मात्र दूर करायला हवा. जगात आजवर झाडलेली एकही गोळी सरळ गेलेली नाही. ती खाली झुकते, वाऱ्याने सरकते, स्वतःच्या गिरकीने बाजूला होते, पृथ्वी फिरते म्हणूनही चुकते. ज्याने तिला झाडलं त्याचं सोडून ती बाकी सगळ्यांचं ऐकते.

खाली झुकण्याचंच घ्या. जुन्या तोफखान्यात असं मानत की गोळा आधी सरळ जातो, मग त्याचा जोर संपतो आणि तो धपकन खाली येतो. कार्टूनमधला कोल्हा कड्यावरून पुढे जातो, खाली बघतो आणि मग पडतो, ते याच शास्त्राला धरून आहे. १५३७ साली व्हेनिसमध्ये निकोलो तार्ताल्या या गणितज्ञाने तोफांवर पुस्तक लिहिलं. या माणसाने स्वतः आयुष्यात तोफ डागलेली नव्हती. तरी पुढे त्याने धीर करून सांगितलं की गोळ्याच्या वाटेचा कुठलाच भाग पूर्ण सरळ नसतो. तोफखान्यातल्या अनुभवी मंडळींना ते रुचणं कठीणच होतं. गॅलिलिओने १६३८ मध्ये या वक्राचं नाव-गाव सांगितलं : परवलय, म्हणजे आपल्या शाळेतला पॅराबोला.

हे वळण किती मोठं असतं ते कोल्हापूरकडच्या नेमबाजांना विचारावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेतेपद जिंकलं. या प्रकारात पॉइंट टू-टू बोअरची रायफल वापरतात. तिची गोळी ५० मीटर जायला सेकंदाचा साधारण सहावा भाग घेते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढतं. आणि ज्याला दहा गुण मिळतात ते निशाणावरचं मधलं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. नेमबाज अचूक निशाणाकडे बघून अचूक निशाणाकडेच नळी धरेल, तर गोळी वर्तुळ सोडाच, सबंध कागदच चुकवील की काय अशी अवस्था. म्हणून साइट, म्हणजे रायफलवरची नेम धरायची सोय, अशी बांधलेली असते की नजर मध्यावर आणि नळी किंचित आभाळाकडे.

त्यात वारा. रेंजवर नेमबाज आणि निशाण यांच्यामध्ये छोटे झेंडे लावलेले असतात, ते फडफडले की शूटरच्या पोटात गोळा येतो. सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा, ज्याने अंगणातल्या तुळशीचं पान जेमतेम हलेल, तो पन्नास मीटरवर गोळीला पाच-सहा मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मध्य साधून सुटलेली गोळी थेट दहाच्या वर्तुळाच्या काठावर. मग एक डोळा निशाणावर, एक लक्ष झेंड्यावर. शूटर श्वास सोडतो, बोट चापावर ठेवतो, आणि वारा फिरला म्हणून बोट काढून घेतो. रायफल खाली. साइटच्या नॉबला दोन क्लिक. पुन्हा गाल दस्त्याला. ही सगळी कसरत गोळी वळवण्यासाठी नसून ती वळणारच आहे हे आधीच मान्य करून चालवलेली असते. यात मनगटाने एकच काम करायचं असतं : अजिबात हलायचं नाही.

गोळीला मुद्दाम वळवून दाखवणारा पहिला माणूस सिनेमावाला नव्हता. तो होता बेंजामिन रॉबिन्स, १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ गावी क्वेकर कुटुंबात जन्मलेला. क्वेकर म्हणजे युद्धाला आणि शस्त्राला हात न लावणारा पंथ. त्या घरातल्या मुलाने १७४२ मध्ये तोफा-बंदुकांच्या शास्त्रावर असं पुस्तक लिहिलं की युरोपभरच्या लष्करांनी ते डोक्यावर घेतलं. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्या काळच्या मस्केट बंदुकीतून शिशाचा गोल गोळा सुटायचा आणि तो कुठे जाईल याचा भरवसा खुद्द झाडणाऱ्यालाही नसायचा. तीच बंदूक, तीच दारू, तोच नेम, आणि एक गोळा डावीकडे तर दुसरा उजवीकडे. रॉबिन्सचं म्हणणं, गोळा नळीत कुठल्या तरी बाजूला घासतो, त्याने त्याला गिरकी मिळते, आणि ती गिरकी त्याला हवेत बाजूला नेते. हे पटवायला त्याने एक भन्नाट प्रयोग केला. मस्केटच्या नळीचं तोंड तीन-चार अंश डावीकडे वाकवलं आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावून गोळ्या झाडल्या.

डावीकडे वाकवलेल्या नळीतून गोळा डावीकडे जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. गेलाही. जवळच्या पडद्यांवर भोक डावीकडेच पडलं. पण शेवटच्या भिंतीवर गोळा चक्क उजवीकडे लागला! वाकड्या तोंडामुळे गोळा नळीच्या उजव्या अंगाला घासत बाहेर पडला, त्याची उजवी बाजू मागे रेटली गेली, आणि त्या गिरकीने हवेत त्याला हळूहळू उजवीकडे ओढून नेलं. खरीखुरी वळलेली गोळी, तीही ‘वाँटेड’च्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी.

यावर थोर गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर म्हणाला, छे! १७४५ मध्ये त्याने रॉबिन्सच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि त्याला इतक्या टिपा जोडल्या की मूळ पुस्तक टिपांत बुडून गेलं. गोळा बाजूला जातो तो गिरकीमुळे नव्हे, तो नीट गोल नसतो म्हणून, असं ऑयलरचं मत. ऑयलर म्हटल्यावर वाद घालणार कोण? शंभरएक वर्षांनी, १८५२ मध्ये, बर्लिनच्या हाइनरिख माग्नुसने फिरत्या वस्तूवर हवा सोडून प्रयोग केले, रॉबिन्स बरोबर ठरला, आणि या परिणामाला नाव पडलं माग्नुसचं. रॉबिन्स तक्रार करायला उरला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मद्रास इलाख्यातले किल्ले मजबूत करायला हिंदुस्थानात आणलं होतं, आणि १७५१ च्या जुलैमध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने तो गेला.

माग्नुसचा हा परिणाम आपण सगळे पाहत असतो, फक्त बंदुकीत नाही. ४ जून १९९३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डला शेन वॉर्नचा चेंडू हवेत लेग स्टंपच्या बाहेर सरकला, टप्पा पडून उलटा वळला आणि माइक गॅटिंगचा ऑफ स्टंप घेऊन गेला. त्यातलं हवेतलं सरकणं हे माग्नुसचं, टप्प्यानंतरचं वळणं खेळपट्टीचं आणि गॅटिंगच्या चेहऱ्यावरचे भाव त्याचे स्वतःचे. ३ जून १९९७ ला फ्रान्सविरुद्ध रॉबेर्तो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक इतकी बाहेर निघाली होती की गोलपोस्टच्या बाजूला असलेल्या, चेंडू आणून देणाऱ्या पोऱ्याने डोकं वाचवायला मान खाली घातली. आणि चेंडू वळून पोस्टला घासत आत. गोलरक्षक बार्थेझ जागचा हललाही नाही.

मग गोळीलाच हे का साधू नये? कारण फुटबॉल केवढा तरी मोठा आणि आकाराच्या मानाने पोकळ, हलका. हवेला धरायला भरपूर जागा. शिवाय ३५ मीटर जायला त्याला सेकंदभराहून जास्त वेळ मिळतो. गोळी बोटाच्या पेराएवढी, शिशासारख्या धातूची, आणि तेवढं अंतर ती सेकंदाच्या दहाव्या भागात संपवते. हवेने हात लावीपर्यंत ती पलीकडच्या भिंतीत.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. मस्केटच्या वळणाऱ्या गोळ्यांनी वैतागलेल्या कारागिरांनी नळीच्या आत पेचदार चर कोरण्याची युक्ती सर्वत्र नेली. त्यामुळे गोळी स्वतःच्या लांबीच्या आसाभोवती गिरकी घेत सुटते आणि भरकटत नाही. आजच्या रायफलची गोळी मिनिटाला दोन-तीन लाख गिरक्यांच्या हिशेबाने फिरते. शस्त्रकारांनी तीन-चारशे वर्षं घालवली ती गोळीचं वळणं बंद करण्यासाठी. ते बऱ्यापैकी जमलं, तेव्हा सिनेमावाले म्हणाले, आता जरा वळवून दाखवा.

बऱ्यापैकी म्हणायचं, कारण ती गिरकीसुद्धा आपला मोबदला घेतेच. उजव्या पेचाच्या नळीतून सुटलेली गोळी हजार मीटरवर वीत-दीड वीत उजवीकडे सरकलेली असते. त्याहून लांब गेलं की पृथ्वीही हात धुऊन घेते. २०१७ मध्ये इराकमध्ये एका कॅनडियन स्नायपरने ३,५४० मीटरवरून नेम साधल्याची बातमी आली. गोळी जवळपास दहा सेकंद हवेत होती. तेवढ्यात पृथ्वी थोडी पुढे गेलेली असते, आणि तो हिशेब आधी करावा लागतो. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर ज्या अजस्र तोफेने मारा केला, तिचा गोळा ४० किलोमीटर उंच जाऊन तीनेक मिनिटांनी खाली यायचा. तिच्या गोलंदाजांना भूगोलाच्या पुस्तकातलं पृथ्वीचं परिवलन हे प्रकरण गाळून चालत नसे.

याच जर्मनांनी पुढच्या महायुद्धात ठरवलं की गोळी वळत नाही तर नळीच वाकवू. एसटीजी ४४ या रायफलच्या तोंडावर बसवायची ‘क्रुमलाउफ’ नावाची वाकडी नळी त्यांनी बनवली. एक ३० अंशांची, एक थेट ९० अंशांची. वर कोपऱ्यापलीकडचं दिसायला आरसा-भिंगांची दुर्बीण. शिपायाने भिंतीआड बसायचं आणि गोळीने कोपऱ्यावरून वळून जायचं. कागदावर झकास. प्रत्यक्षात सेकंदाला सहाशे-सातशे मीटर वेगाने आलेली गोळी वळणावर नळीच्या भिंतीला जी घासायची, त्यात पुष्कळदा तिचे तुकडे व्हायचे. दाब कमी करायला नळीला भोकं पाडावी लागली. ३० अंशांची नळीसुद्धा सुमारे ३०० गोळ्यांत कामातून जायची. वळणावरचे अपघात टाळता आले नाहीत, म्हणून योजना फार पुढे गेली नाही.

शहाणपण साठ वर्षांनी सुचलं, आणि ते साधंच होतं. इस्रायलमध्ये ‘कॉर्नर शॉट’ नावाचं शस्त्र निघालं. यात मधोमध बिजागर, पुढच्या अर्ध्या भागात पिस्तूल आणि कॅमेरा, मागच्या भागात पडदा आणि चाप. भिंतीआडून पुढचा भाग वळवायचा, पडद्यावर बघायचं, चाप ओढायचा. म्हणजे बंदूक वळते, गोळी सरळच. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनेही या जातीचं देशी शस्त्र तयार केलं आहे. पुणेकरांनी समोर न येता कोपऱ्यावरून नेम साधण्याची सोय शोधली, याचं उरलेल्या महाराष्ट्राला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

गोळी न वळताही वळल्याचा आरोप तिच्यावर झाला, त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. त्याची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने निष्कर्ष काढला की एकच गोळी केनेडींच्या पाठीत शिरून गळ्यातून निघाली आणि पुढे बसलेल्या गव्हर्नर कॉनलींची पाठ, छाती, मनगट आणि मांडी अशी यात्रा करून थांबली. लोक म्हणाले, अशक्य! कागदावर दोघांना एकामागे एक सरळ बसवून रेघा ओढल्या की गोळी हवेत थांबून उजवीकडे, मग डावीकडे वळल्याशिवाय हे जमत नव्हतं. १९९१ च्या ‘जेएफके’ चित्रपटात तर कोर्टात माणसं खुर्च्यांवर बसवून या ‘जादूच्या गोळी’ची नागमोडी वाट काडीने दाखवली आहे. थिएटरात ते बघताना आयोगावर विश्वास ठेवणं खरोखर कठीण जातं.

घोटाळा बसण्याच्या जागेत होता. मोटार मोठी लिमोझिन. कॉनली ज्या घडीच्या सीटवर होते ती केनेडींच्या सीटपेक्षा खाली होती आणि दारापासून आत सरकवलेली. त्यात ते उजवीकडे वळून बसले होते. माणसं मोटारीत होती तशी बसवली की जखमा एका रेषेत येतात. खून कुणी, कुणाच्या सांगण्यावरून केला, यावर अमेरिकेत अजून पन्नास वर्षं भांडता येईल. त्यासाठी गोळीला वाकडं चालायला लावण्याची गरज नाही.

आणि तरीही हट्ट धरलाच, तर गोळी वळवता येते. फक्त मनगट नको, तिजोरी हवी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने चार इंच लांबीची, शेपटीला पंख असलेली गोळी जाहीर केली. निशाणावर लेझरचा ठिपका मारायचा. गोळीच्या नाकातला डोळा तो बघतो आणि आतला चिमुकला संगणक सेकंदाला तीस वेळा पंख हलवून दिशा दुरुस्त करतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी सगळ्यात आधी काय काढून टाकलं असेल, तर ती शतकानुशतकांची गिरकी. लाखो फेऱ्यांनी गरगरणाऱ्या गोळीला निशाण दिसणार कसं? अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेनेही ‘एक्झॅक्टो’ या प्रकल्पात मोठ्या बोअरच्या गोळ्या हवेत वळवून दाखवल्या. २०१५ च्या चाचण्यांत तर नवशिक्याने झाडलेल्या गोळीनेही पळतं निशाण टिपलं. म्हणजे वेस्लीसारख्या कारकुनाला हे जमेल हा ‘वाँटेड’चा दावा खरा ठरला, मात्र अक्कल त्याच्या मनगटात नसून गोळीच्या डोक्यात भरावी लागली.

बिनखर्चाने, कुठल्याही बंदुकीतून, शिक्षण न घेता साधणारं वळण एकच आहे, आणि ते आपल्या देशात दर लग्नसराईत, विशेषतः उत्तरेकडे, साधलं जातं. नवरदेवाचा मामा वरातीत आनंदाने आभाळात गोळी झाडतो. ती वर जाते, थांबते, वळते आणि खाली येते. कुठे येते, हा प्रश्न अमेरिकी सैन्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सोडवायला घेतला होता. ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. पाण्यात दहा फूट लांबी-रुंदीचा मचाण बांधला, डोक्यावर चिलखती पत्रा घेतला, मशीनगन सरळ वर धरून पाचशेवर गोळ्या झाडल्या आणि माणसं पत्र्याखाली वाट बघत बसली. परत येऊन मचाणाला लागल्या त्या फक्त चार. बाकीच्या वाऱ्याने आसपास कुठेतरी नेल्या. सरळ वर धरून ही गत. वरातीत नाचताना तिरक्या धरलेल्या बंदुकीची गोळी तर बरीच दूर, कुणाच्याही गच्चीवर, पुरेशा वेगाने उतरते. अशा गोळ्यांनी माणसं मेली आहेत, त्यांत नवरदेवही आहेत.

तेव्हा यंदा कुणाच्या वरातीत मामांनी बंदूक काढली, तर त्यांना वेळीच गाठावं आणि सांगावं की २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार असा आनंद इतरांच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकिरीने व्यक्त केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.